गाडीचें वंगण

तेलाचा आणि आपल्या लोकांचा संबंध फार जुना आहे. मूल जन्मलें कीं त्याच्या टाळूवर तेल पडतें. अभ्यंगावांचून नरकचतुर्दशी साजरी होत नाहीं. शनिवारीं मारुतीच्या देवळांत तेलाच्या वाट्या रित्या होतात. आणि एखादा व्यवहार दोन्ही बाजूंनीं फसला म्हणजे तेलहि गेलें, तूपहि गेलें, हातीं धुपाटणें आलें, असें म्हणून आपण मनाचें समाधान करून घेतों. संस्कृतांत तर तेलाला 'स्नेह' असेंच नांव आहे. इतका जिव्हाळा असूनहि कोणतें तेल कोणत्या कामाला, हा प्रश्न आमच्या वाडवडिलांना फारसा पडला नाहीं. जेवणाला खोबरेल किंवा गोडें तेल, दिव्याला करंजेल, आणि पोटाला तसेंच बैलगाडीच्या आंसाला एरंडेल, अशी वांटणी पूर्वींच होऊन गेलेली होती. हल्लींच्या गृहस्थाला मात्र एका बाबतींत ही सोय राहिलेली नाहीं. त्याच्या दारांत मोटार असेल, तर वर्षांतून एकदोनदां तरी दुकानाच्या फळीसमोर उभें राहून त्याला ठरवावें लागतें कीं, तिच्या इंजिनांत साधें खनिज तेल घालावें, कीं सिंथेटिक म्हणून विकलें जाणारें आणि सुमारें दुप्पट किंमतीचें संश्लेषित तेल घालावें.

प्रश्न क्षुद्र वाटेल. मासिकाचीं पानें अडविण्याच्या योग्यतेचा तो नाहीं असेंहि कोणी म्हणेल. परंतु आमच्या घरांत तो क्षुद्र राहिलेला नाहीं. आमच्या मातोश्री ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांचीं मूत्रपिंडें थकलीं असून आठवड्यांतून तीन दिवस त्यांना डायलिसिससाठीं न्यावें लागतें. तें केंद्र आमच्या घरापासून पांच किलोमीटरांवर आहे. जातांना त्या रिक्षांतहि बसूं शकतील. पण चार तासांनीं बाहेर येतात तेव्हां त्यांच्यांत उभें राहण्याचें त्राण नसतें, आणि पावसाळ्यांतल्या खड्ड्यांचे धक्के तर त्यांना मुळींच सोसत नाहींत. म्हणून चौदा वर्षांची एक लहान पेट्रोलची मारुती आमच्या घरचें सर्वांत महत्त्वाचें माणूस होऊन बसली आहे. ती बंद पडली तर नवी घेण्याची ऐपत आज आमच्यांत नाहीं. कारण जो पैसा नव्या गाडींत जावयाचा तो औषधपाण्यांत जातो. मारुतीला तेल वाहिलेंच पाहिजे हें आम्हांला मान्य आहे. कोणतें वाहावें एवढाच काय तो प्रश्न आहे.

आमचें घर वसईच्या पश्चिमेकडील पट्ट्यांत, जेथें केळींच्या आणि फुलांच्या थोड्याफार वाड्या अजून शिल्लक आहेत अशा भागांत आहे. आमच्या आजोबांच्या वेळीं वाडींतल्या विहिरीवर बैलांचा रहाट होता. पुढें रहाट गेला आणि त्याच्या जागीं तेलाचें इंजिन आलें. १९४६ सालीं पुण्यास किर्लोस्करांनीं ऑइल इंजिनांसाठीं स्वतंत्र कंपनी काढली, आणि त्यानंतरच्या काळांत असलीं इंजिनें महाराष्ट्रांतल्या विहिरीविहिरींवर धडधडूं लागलीं. आजोबांना यंत्रविद्या येत नव्हती. परंतु बैलांना वैरण घातल्यावांचून स्वतः पानावर न बसणारा तो माणूस, इंजिनाचें वंगण पाहिल्यावांचून तें कधीं चालू करीत नसे. पट्टीला लागलेला थेंब ते दोन बोटांत चोळीत, नाकाशीं नेत, आणि मग होय कीं नाहीं तें सांगत. त्यांच्यापुढें निवड अशी नव्हतीच. पेठेंत मिळे तें एक तेल. निवड नसल्यामुळें त्यांचें सर्व लक्ष निगेकडे राहत असे, असें आतां आमच्या ध्यानांत येतें.

आमच्यापुढें निवड आहे, आणि निवड आली कीं सल्लागार येतातच. आमची गाडी ज्यांच्या हाताखालून जाते ते मिस्त्री म्हणाले, "काका, आतां सिंथेटिकच टाका. एकदां टाकलं कीं पंधरा हजार किलोमीटरपर्यंत बघायला नको." उलट, एका सरकारी खात्याच्या वाहनविभागांत उभा जन्म घालवून निवृत्त झालेले आमचे शेजारी म्हणाले, "चौदा वर्षांच्या इंजिनाला हें तेल म्हणजे चार आण्यांची कोंबडी अन् बारा आण्यांचा मसाला. शिवाय पातळ तेल जुन्या सीलांतून पाझरेल तें वेगळंच." दोघेहि अनुभवी, दोघेहि आमचें हित चिंतणारे. अशा वेळीं दोघांच्याहि मताला मान देऊन दोन्ही तेलें निम्मीं निम्मीं ओतावीं हा मध्यम मार्ग कोणालाहि सुचेल. आणि मौज अशी कीं, 'सेमी-सिंथेटिक' या नांवानें तोहि बाजारांत विकला जातो. आम्हीं मात्र आधीं वस्तु काय आहे तें समजून घेण्याचें ठरविलें.

जमिनींतून निघणाऱ्या कच्च्या तेलांत लहानमोठे, सरळवांकडे असे नाना जातींचे रेणु एकत्र असतात. तें तापवून त्यांतून पेट्रोल, रॉकेल, डिझेल वेगळें काढलें म्हणजे खालीं जो जड भाग राहतो त्यापासून मेण, गंधक वगैरे काढून साधें वंगणतेल करतात. वाडींतलीं फुलें दादरच्या बाजारांत पाठवितांना जशी टोपली भरतात, तसाच हा प्रकार आहे. काडीकचरा निवडून टाकला तरी टोपलींत कांहीं कळ्या, कांहीं उमललेलीं, कांहीं कोमेजण्याच्या बेतांत असलेलीं फुलें राहतातच. संश्लेषित तेलाच्या अस्सल प्रकारांत रेणु निवडीत बसत नाहींत, ते जोडून तयार करतात. इथिलीनसारख्या लहान रेणूंपासून पायरीपायरीनें ठराविक लांबीची सांखळी बनवितात. म्हणून तिचीं सर्व फुलें एका मापाचीं, एकाच दिवशीं उमललेलीं असावींत तशीं असतात. असें तेल कडक थंडींत थिजत नाहीं आणि कडक उष्णतेंत लवकर जळत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत खनिज तेलाची टंचाई पडलेल्या जर्मनीनें या विद्येवर पुष्कळ परिश्रम केले. पुढें जेट विमानांच्या इंजिनांना साधें तेल पुरेना तेव्हां तिला महत्त्व आलें. आणि १९७०च्या दशकांत हें तेल मोटारींसाठीं डब्यांत भरून दुकानांत आलें.

येथवर ऐकल्यावर सामान्य मनुष्य एक घर कृत्रिमाचें आणि एक घर नैसर्गिकाचें असे दोन भाग करून मोकळा होतो, आणि मग आपापल्या स्वभावाप्रमाणें एका घरांत जाऊन बसतो. जुन्याचा अभिमानी म्हणतो, निसर्गाचें तेंच खरें; नव्याचा भोक्ता म्हणतो, कारखान्याचें तेंच शुद्ध. परंतु ही भिंत वाटते तितकी पक्की नाहीं. १९९९ सालीं अमेरिकेंत जाहिरातींविषयींच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळापुढें दोन मोठ्या तेल-कंपन्यांचा तंटा गेला होता. कच्च्या तेलापासूनच काढलेल्या, पण हायड्रोजन वायूची तीव्र प्रक्रिया करून रेणूंची ठेवण पालटलेल्या तेलाला सिंथेटिक म्हणावें कीं नाहीं, असा वाद होता. म्हणावयास हरकत नाहीं, असा निकाल झाला. तेव्हांपासून सिंथेटिक नांवाच्या डब्यांत पुष्कळदां या तिसऱ्या जातीचें तेल असतें. तें वाईट असतें असें मुळींच नव्हे. पण डब्यावरचें नांव वाचून आंतल्या वस्तूची जात कळत नाहीं, एवढें खरें. कतारमध्यें तर नैसर्गिक वायूपासून वंगणाचें मूळ तेल करणारा प्रचंड कारखाना उभारला गेला आहे. आम्हां वसईकरांना या गोष्टीचें विशेष कौतुक वाटावें. कारण १९७४ सालीं सांपडलेल्या बॉम्बे हायप्रमाणेंच आमच्या किनाऱ्यापासून दूर अरबी समुद्रांत एक मोठें वायुक्षेत्र आहे, आणि त्याला आमच्याच गांवाचें इंग्रजी नांव, 'बसीन', दिलेलें आहे. त्या वायूला कोणी कृत्रिम म्हणत नाहीं. मूळ एकच, वाट मात्र वेगळी. आमच्या आजोबांच्या एरंडेलाचीहि तीच गत आहे: लंडनच्या वेकफील्ड कंपनीनें १९०९ सालीं आपल्या मोटारीच्या वंगणांत एरंडेल मिसळलें आणि त्याच्या 'कॅस्टर' या इंग्रजी नांवावरून तेलाचें नांव 'कॅस्ट्रॉल' ठेविलें. बैलगाडीच्या आंसाखालीं टांगलेल्या बांबूच्या नळींतला पदार्थ असा विलायतेस जाऊन मोटारींत शिरला. कुळाची शहानिशा करीत बसल्यास हें एरंडाचें गुऱ्हाळ कधीं संपावयाचें नाहीं.

तेव्हां नांवाकडून आंकड्यांकडे वळावें हें बरें. प्रत्येक डब्यावर '२०-डब्ल्यू-४०', '५-डब्ल्यू-३०' अशी कांहीं अक्षरें असतात. तीं १९०५ सालीं अमेरिकेंत स्थापन झालेल्या मोटार-इंजिनिअरांच्या संस्थेनें ठरविलेल्या मापाचीं आहेत. डब्ल्यू हें अक्षर इंग्रजींतल्या हिंवाळ्याचें. त्याच्या मागचा आंकडा जितका लहान तितकें तेल थंडींत अधिक वाहतें राहतें, आणि शेवटचा आंकडा मोठा असेल तितकें तें उष्णतेंत अधिक दाट राहतें. या मापाप्रमाणें २० आंकड्याचें जाडसर तेलसुद्धां शून्याखालीं १५ अंशांवर तपासून घेतात, आणि ५ आंकड्याचें शून्याखालीं ३० अंशांवर. आमच्या वसई-विरारकडे माघांतल्या पहांटे पारा १५च्या आसपास आला कीं लोक शेकोट्या पेटवितात. उण्या तीस अंशांत गाडी चालू होण्याची हमी आम्ही जास्त पैसे देऊन विकत घ्यावी, हें उरणच्या माणसानें हिमवर्षावाचा विमा उतरण्यासारखें आहे. पहिल्या किल्लीला पातळ तेल इंजिनाच्या माथ्यापर्यंत थोडें लवकर चढतें, पेट्रोलहि थोडें वांचवितें, हा लाभ आहेच. तो आम्ही नाकारीत नाहीं. परंतु किती पातळ चालेल तें इंजिनाच्या भागांमधल्या फटींवर अवलंबून असतें, आणि त्या फटी ज्यानें ठेविल्या त्यानें आपलें म्हणणें गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकांत लिहून ठेविलेलें असतें. शेजाऱ्यांची पाझरण्याची भीति येथेंच अर्धी खरी ठरते: पाझरतें तें पातळपणामुळें आणि सील जुनें झाल्यामुळें, संश्लेषित असल्यामुळें नव्हे.

संश्लेषित तेलाची खरी कर्तबगारी उष्णतेंत दिसते, आणि जेथें ती लागते तेथें काटकसर करणें शुद्ध वेडेपणा होईल. अलीकडील पुष्कळ लहान इंजिनांना टर्बो नांवाची हवा कोंबणारी चक्की बसविलेली असते. ती मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते, आणि गाडी थांबविल्यावर तिच्या तप्त आंसाभोंवतीं अडकलेलें साधें तेल करपून कोळशासारखें चिकटूं शकतें. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा या नियमानंतरच्या डिझेल गाड्यांत धुरांतली काजळी गाळणारी जाळी असते, आणि तिच्यासाठीं कमी राख सोडणारें विशिष्ट तेलच लागतें. अशा गाड्यांच्या मालकांनीं आमचा हा निबंध वाचून पैसे वांचवावयास जाऊं नये. बैल गेला आणि झोपा केला अशी त्यांची अवस्था होईल. त्यांच्या पुस्तकांत जें लिहिलें आहे तेंच घालावें. आमची गाडी मात्र टर्बोच्या आधींच्या पिढीची, साध्या श्वासाची आहे, आणि तिच्या पुस्तकांत सांगितलेल्या मापाचें साधें तेल आजहि दुकानांत मिळतें.

आतां हिशेब. मातोश्रींना पोंचवून आम्ही घरीं येतों आणि चार तासांनीं पुन्हां आणावयास जातों. म्हणजे दिवसाला पांच किलोमीटरांच्या चार फेऱ्या, आठवड्याला बारा, वर्षाला सहाशें चोवीस. त्यांचें अंतर तीन हजार एकशें वीस किलोमीटर. त्यांत बाजारहाट धरला तरी चार हजारांवर कांटा जात नाहीं. मिस्त्रींनीं सांगितलेले पंधरा हजार किलोमीटर पुरे व्हावयास आम्हांला जवळजवळ चार वर्षें लागतील. परंतु तेलाचें आयुष्य अंतराबरोबर काळानेंहि मोजावयाचें असतें. कितीहि महाग असलें तरी वर्षाच्या आंतबाहेर तें बदलावें, असेंच बहुतेक पुस्तकें सांगतात. म्हणजे ज्या दीर्घायुष्यासाठीं दुप्पट पैसे मोजावयाचे त्याचा तीनचतुर्थांश भाग आम्ही न वापरतांच गटाराच्या वाटेला लावणार. उलट, आमच्या वाडींतलीं फुलें रोज पहांटे दादरला नेणारा टेंपोवाला पाहा. रोजचे शंभर-सव्वाशें किलोमीटर धरले तर त्याचे वर्षाला तीस हजार सहज होतात. समजा, त्याला साधें तेल पांच हजारांवर बदलावें लागतें आणि गाडीच्या पुस्तकाप्रमाणें संश्लेषित तेल दहा हजारांवर चालतें. सहा खेपांच्या ऐवजीं तीन खेपा, तेलाचा खर्च तोच, फिल्टर आणि मजुरी निम्मी, आणि कामाचे तीन दिवस वांचले. घोडबंदरच्या पुलाजवळ तासन् तास कोंडींत इंजिन तापत ठेवणाऱ्या त्याच माणसाला या तेलाची खरी गरज. पण एकदम दुप्पट पैसे बाहेर काढणें त्यालाच कठीण, म्हणून तो स्वस्त तेल घालतो. आणि सोसायटीच्या आवारांत आठवडाभर आच्छादनाखालीं झोंपणाऱ्या गाडीच्या पोटांत मात्र सर्वांत महाग तेल असतें. तेलाच्या दुकानांत उभें राहून पाहिलें कीं गरज आणि ऐपत यांची चुकामूक कशी होते तें पांच मिनिटांत कळतें.

पण हिशेब संपला म्हणून गोष्ट संपली नाहीं. थोडें चालणाऱ्या गाडीला तेलाचा त्रास कमी असेल असा जो समज आहे तो खरा नाहीं. पांच किलोमीटरांत पाणी तापतें, पण तेल पुरतें तापत नाहीं. थंड इंजिनांत न जळलेलें पेट्रोल आणि ज्वलनांतून झालेली वाफ सिलिंडरच्या भिंतींवरून खालीं झिरपून तेलांत मिसळतात. लांबच्या प्रवासांत तेल तापलें कीं तीं उडून जातात, आमच्या सहाशें चोवीस फेऱ्यांत उडण्याची संधीच त्यांना मिळत नाहीं. त्यांत आमच्याकडे चार महिने हवेंतहि पाणीच असतें. तेलांत मळ धुणारे, आम्ल मारणारे, झीज रोखणारे जे पदार्थ घातलेले असतात ते हळूहळू खर्च होतात, आणि मग काळा चिखल सांचूं लागतो. संश्लेषित तेल उष्णतेपुढें टिकाव धरतें. परंतु त्यांत पडलेलें पाणी आणि पेट्रोल तें कांहीं नाहींसें करीत नाहीं. घाण दोन्ही तेलांना सारखीच लागते. म्हणून अशा वापराला पुस्तकांत 'कठीण वापर' असें नांव देऊन तेल लवकर बदलण्यास सांगितलेलें असतें.

हा विषय आम्ही एकदां घरीं जेवतांना मोठ्यानें मांडीत होतों. मातोश्री डायलिसिसच्या दिवशीं फारसें बोलत नाहींत. त्या दिवशीं मात्र भाताचा घांस हातांत तसाच धरून म्हणाल्या, "अरे, माझं रक्त आठवड्यांतून तीनदां धुतात. कोणतं रक्त चांगलं म्हणून कुणी विचारीत नाहीं. वार चुकवूं नका एवढंच सांगतात. तुझ्या गाडीचं काय वेगळं आहे?" आम्ही पुढें कांहीं बोललों नाहीं. इंजिनाच्या तेलाला रक्ताची उपमा देण्याची रीत जुनीच आहे. पण ती उपमा देण्याचा अधिकार असलेल्या माणसाच्या तोंडून ती आम्हीं प्रथमच ऐकली. मिस्त्रींच्या सल्ल्यांतलें नेमकें काय आमच्या मनाला खटकत होतें तेंहि तेव्हां उमगलें. 'बघायला नको' हे त्यांचे शब्द खटकत होते. महाग तेलाबरोबर दुकानदार आपल्याला एक न लिहिलेली वस्तुहि विकत असतो, ती म्हणजे विसरण्याची परवानगी. आणि जुन्या यंत्राला तीच सोसत नाहीं. तेल जळून कमी झालें आहे, कोठें थेंब गळतो आहे, पट्टीवरचा रंग दुधाळ झाला आहे, हें तेलाच्या किंमतीवरून कळत नाहीं. पट्टी काढून पाहिल्यावरच कळतें.

दुधाळ रंगाची गोष्ट वसई-विरारकरांना निराळी सांगावयास नको. जुलै २०१८ मध्यें नालासोपारा-वसई भागांत पाणी भरून आगगाड्या थांबल्या आणि मिठागरांत शेंकडों माणसें अडकून पडलीं, तेव्हां आमच्या आवारांतल्या कित्येक गाड्यांच्या इंजिनांतहि पाणी शिरलें होतें. पाणी ओसरल्यावर कोणी उतावीळपणें किल्ली फिरविली, त्यांच्या इंजिनांतले दांडे वांकले. कारण पाणी हवेसारखें दाबलें जात नाहीं. कोणी गाडी न चालू करतां ओढून नेली, तेल उपसून टाकून दोनदां नवें घातलें, आणि त्यांचीं इंजिनें वांचलीं. वांचलेल्यांत साधें तेल वापरणारे होते आणि बुडालेल्यांत महाग तेल वापरणारेहि होते.

येथें एक आक्षेप आहे आणि तो आम्हांला सर्वांत जड वाटतो. वेळेवर तेल बदलावें म्हणणें सोपें. पण काढलेलें तेल जातें कोठें? आमच्या पश्चिम पट्ट्यांत बावखलें आहेत. बावखल म्हणजे वाडीच्या कडेचें गोड्या पाण्याचें लहान तळें. त्याचें पाणी वाडीला शिंपीत आणि त्याच्याच जोरावर आजूबाजूच्या विहिरींचे झरे जिवंत राहत. पुष्कळ बावखलें बुजलीं. जीं उरलीं आहेत त्यांच्यावर पावसाळ्यांत कधीं कधीं इंद्रधनुष्याच्या रंगाचा तवंग दिसतो. तो रंग कोठून येतो तें सांगावयास नको. २००९ सालीं महानगरपालिका झाली, २०११ च्या जनगणनेंत शहराची वस्ती बारा लाखांवर गेली, २०१४ सालीं पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. या वाढीबरोबर गाड्या वाढल्या आणि गाड्यांबरोबर हें काळें तेलहि वाढलें. कोणी तें वाळवी लागूं नये म्हणून लांकडाला फांसतो, कोणी भट्टींत जाळतो, कोणी सरळ नाल्यांत ओततो. वास्तविक हें तेल शुद्ध करून पुन्हां वंगण म्हणून वापरतां येतें. केंद्र सरकारच्या २०१६च्या नियमांत त्याची गणना घातक कचऱ्यांत केली आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून तेल बनविणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर वापरलेल्या तेलाचा ठराविक हिस्सा पुन्हां शुद्ध होईल हें पाहण्याची जबाबदारीहि टाकली आहे. या दृष्टीनें पाहतां टेंपोवाल्यानें संश्लेषित तेल वापरणें हें केवळ त्याच्या नव्हे, आमच्या विहिरीच्याहि हिताचें आहे. कारण त्याचें टाकाऊ तेल निम्म्यावर येतें. आमच्या गाडीच्या बाबतींत तो फरक पडत नाहीं, कारण कठीण वापरामुळें दोन्ही तेलें आम्हांला सारख्याच वेळीं काढावीं लागणार.

असो. शेवटीं आम्हीं काय केलें तें सांगून वाचकांचा निरोप घेतों. पुस्तकांत लिहिलेल्या मापाचें साधें तेल आम्हीं घेतलें, आणि जो पैसा वांचला त्यांत दर खेपेस नवा फिल्टर घालावयाचा असें ठरविलें. वर्षांतून दोनदां तेल बदलावयाचें: एकदां मृग लागण्यापूर्वीं आणि एकदां दसऱ्याला, पाऊस संपून गाडीला झेंडूची माळ घालण्याच्या दिवशीं; म्हणजे कांट्याकडे न पाहतांहि वेळ चुकत नाहीं. जुनें तेल कोणाकडे जातें तें आम्ही मिस्त्रींना विचारून घेतलें. परवानगी असलेला माणूस पिंपें नेतो असें त्यांनीं दाखविल्यावर मगच गाडी त्यांच्या हवालीं केली. त्यांना आमचा निर्णय थोडा मागासलेला वाटला, पण ते रागावले नाहींत. रविवारीं सकाळीं सपाट जागीं गाडी उभी करून आम्ही पट्टी काढतों, पुसतों, पुन्हां बुडवून पाहतों, आणि आजोबांप्रमाणें थेंब बोटांत चोळतों. ज्यांच्या दारांत गाडी आहे त्यांनीं, डब्यांत कोणतेंहि तेल असो, हें एवढें करून पाहावें. मातोश्रींचें डायलिसिसपूर्वींचें आणि नंतरचें वजन लिहून ठेवण्यासाठीं घरांत एक वही आहे. तिच्या शेवटच्या पानावर आतां गाडीच्या तेलाच्या तारखाहि लिहिल्या जातात. पुढची तारीख दसऱ्याची आहे.